वाचक विचारतात : परीक्षणं, कथा आणि थकलेलं बिल

या खेपेची पत्रं स्वतंत्र कलाकारांच्या संगीताची परीक्षणं लिहिणाऱ्या आणि सोबत कथाही छापून आणू पाहणाऱ्या मुक्त लेखकांची आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : परीक्षण लिहिण्याआधी अल्बम किती वेळा ऐकावा? मी दोनदा ऐकतो, पण छापून आल्यावर निम्मं सुटलं असं वाटतं.

दोनदा कमीच. पण आकड्यापेक्षा कुठल्या फेरीत काय करता ते महत्त्वाचं. ४० मिनिटांच्या अल्बमसाठी तीन पूर्ण फेऱ्या आणि शेवटी तपासणीची एक तुकड्यातुकड्यांची फेरी, असा साधारण तीन तासांचा हिशेब धरा. पहिली फेरी वही न घेता, गाण्यांचा क्रम न मोडता, मध्ये न थांबता. दुसरी वही घेऊन, आणि प्रत्येक नोंदीला मिनिट-सेकंद. ‘चौथं गाणं छान’ ही नोंद आठवड्यानं वाचली तर हाती काहीच लागत नाही. ‘गाणं ४, २:१४ : बास थांबतो, फक्त गळा आणि टाळ्या, २:३१ ला बास परत, पण आता एक सूर खाली’ अशी नोंद असेल तर परीक्षणातलं एक वाक्य जवळपास तयारच झालं.

तिसरी फेरी दुसऱ्या साधनावर. छोट्या स्पीकरमधून खालचे सूर नीट बाहेरच पडत नाहीत, त्यामुळे ‘बास अशक्त आहे’ हा शेरा कलाकाराऐवजी तुमच्या स्पीकरवर लागू असू शकतो. चौथी फेरी मसुदा झाल्यावर. तुम्ही केलेलं प्रत्येक विधान त्या त्या जागी जाऊन ऐकायचं. ‘संपूर्ण अल्बमभर बासरी’ असं लिहिलेलं असतं आणि मोजल्यावर ती तीनच गाण्यांत सापडते. अशा चुका कलाकार विसरत नाहीत, आणि त्यात त्यांचं चुकतही नाही.

अजून एक फसगत आवाजाच्या पातळीची. जे मोठ्यानं वाजतं ते आपल्या कानाला चांगलं वाटतं. स्पॉटिफायवर गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) या एकाच पातळीला आणून वाजवली जातात. कलाकारानं थेट पाठवलेल्या फाईलवर असा काही संस्कार झालेला नसतो. म्हणून एक अल्बम स्ट्रीमिंगवर आणि दुसरा फाईलवर ऐकून तुलना करू नका. दोन्ही फाईली घ्या, प्लेयरमधली रिप्लेगेनची, म्हणजे सगळ्या गाण्यांची पातळी आपोआप सारखी करणारी, सोय चालू करा, नाहीतर कानानं पातळी जुळवा आणि मगच ‘दुसरा अल्बम जोरकस आहे’ असं म्हणा.

प्रश्न : कलाकार कधी खाजगी लिंक पाठवतात, कधी फाईल. फरक पडतो का?

पडतो, आणि बऱ्याच नवख्यांना तो टीका छापून झाल्यावर कळतो. खाजगी स्ट्रीमिंग लिंकवर येणारा आवाज बहुधा फाईल लहान करण्यासाठी दाबलेला असतो. कमी बिटरेटला, म्हणजे सेकंदाला कमी माहिती साठवली की, झांजा आणि हाय-हॅट यांच्या शेपटाला पाण्यासारखी सळसळ येते. ‘वरच्या पट्टीतले आवाज खरखरीत’ असं लिहिण्याआधी आवाजाचा दर्जा न घटवणारी वेव्ह किंवा फ्लॅक फाईल मागा. मिळाली नाही तर ३२० केबीपीएस एमपी३ चालेल, पण मग आवाजाच्या दर्जावर फार ठाम बोलू नका.

एमपी३ची आणखी एक खोड आहे. फाईल बनवताना गाण्याच्या आधी आणि नंतर काही मिलिसेकंदांची शांतता जोडली जाते. एक गाणं दुसऱ्यात वाहत जाणारा अल्बम असेल आणि तुमच्या प्लेयरला ही शांतता वगळता येत नसेल, तर जोडावर ‘खट्’ असा खंड पडतो. तो दोष कलाकाराच्या माथी मारल्याची परीक्षणं आम्ही वाचली आहेत.

फाईल मागतानाच एका मेलमध्ये बाकीचंही विचारून घ्या. हा अंतिम मास्टर (प्रकाशनाला तयार ध्वनिमुद्रण) आहे का, की अजून मिक्स (वाद्यं आणि गळ्याचा आपसातला मेळ) बदलणार आहे? प्रकाशनाची तारीख कोणती आणि त्याआधी छापलं तर चालेल का? कोण काय वाजवतं, कोणी लिहिलं, कुठे ध्वनिमुद्रण झालं? गीतांचे शब्द मिळतील का? मुखपृष्ठाचं चित्र किंवा फोटो छापायची परवानगी कोण देणार आणि श्रेय कोणाच्या नावे? शेवटचा प्रश्न हमखास राहतो. कलाकारानं फोटो पाठवला म्हणजे त्याचे हक्क कलाकाराकडे आहेत असं नसतं, ते बहुतेक वेळा छायाचित्रकाराकडे असतात.

प्रश्न : संपादक म्हणतात, तुमच्या परीक्षणात विशेषणं फार. विशेषणांशिवाय संगीताबद्दल लिहायचं तरी कसं?

विशेषण राहू द्या, पण ते कशामुळे सुचलं ते शेजारी लिहा. एका काल्पनिक गाण्यावरचं वाक्य घेऊ : ‘हे गाणं एका वेगळ्याच विश्वात घेऊन जातं, त्यातली आर्तता मनाला भिडते.’ हे कुठल्याही गाण्याला चिकटवता येईल. आता हेच बघा : ‘ध्रुवपद तीनदा येतं आणि दर वेळी गायिका शेवटचा शब्द थोडा आधी सोडते. तिसऱ्या वेळी तो शब्द येतच नाही, गिटार ती जागा भरते.’ इथे आर्त हा शब्द नाही आणि त्याची गरजही उरली नाही.

मसुदा झाल्यावर एक चाचणी करा. कलाकाराचं आणि अल्बमचं नाव झाकून परीक्षण वाचा. ते दुसऱ्या एखाद्या अल्बमला चालत असेल तर ती वाक्यं काढा. ५०० शब्दांच्या परीक्षणात अशी दीडशे शब्दांची कात्री सहज लागते. मोकळ्या झालेल्या जागेत दोन-तीन गाण्यांबद्दल नीट लिहा. दहाच्या दहा गाण्यांना एकेक वाक्य वाटून देणं म्हणजे परीक्षणाची यादी करणं, आणि गाण्यांची यादी तर अल्बमच्या मागेच छापलेली असते.

‘अमक्याची आठवण येते’ या तुलना जपून वापरा. एका परीक्षणात एक पुरे, तीही कशाबाबत हे सांगून : गळ्याची फेक, तालाची मोडणी, की ध्वनिमुद्रणातली पोकळी. नुसतं नाव टाकलं तर ज्या वाचकानं ते नाव ऐकलेलं नाही त्याच्या हाती काही येत नाही, आणि ज्यानं ऐकलंय तो वाद घालत बसतो.

प्रश्न : अल्बम मित्राचा आहे. लिहू का?

परीक्षण लिहू नका. मुलाखत किंवा ओळख करून देणारा लेख लिहा, आणि ओळख असल्याचं संपादकाला आधी आणि वाचकाला लेखातच सांगा. कलाकारानं परीक्षणासाठी मानधन देऊ केलं तर तो विषय तिथेच संपवा. त्या पैशाला प्रसिद्धीपत्रक लिहून द्यायला हरकत नाही, पण मग त्या कलाकाराबद्दल स्वतःच्या नावे परीक्षण नाही.

प्रश्न : परीक्षणाखाली कोणती लिंक द्यावी? स्ट्रीमिंगची की खरेदीची?

दोन्ही द्यायला कोणाची ना नाही, पण खरेदीची आधी. बँडकॅम्प हे कलाकारांना आपलं संगीत थेट विकता येणारं संकेतस्थळ डिजिटल विक्रीवर १५ टक्के आणि सीडी, रेकॉर्ड, टी-शर्ट अशा वस्तूंवर १० टक्के ठेवून घेतं. पैसे पोचवण्याचं शुल्क वेगळं कापलं जातं, उरलेलं कलाकाराचं. मार्च २०२० पासून तिथे अधूनमधून ‘बँडकॅम्प फ्रायडे’ होतो, त्या दिवशी कंपनी आपला वाटा सोडते. परीक्षणाची तारीख तुमच्या हातात असेल तर त्या शुक्रवारच्या एक-दोन दिवस आधीची धरा.

स्ट्रीमिंगचा हिशेब वेगळा आहे. स्पॉटिफायवर गाणं किमान ३० सेकंद वाजलं तरच ते मोजलं जातं. २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचं मानधन मिळत नाही. तुमच्या परीक्षणामुळे २०० लोकांनी एक गाणं एकदा ऐकलं तर नव्या कलाकाराच्या खात्यात त्यानं काही हलणार नाही. त्यातल्या पाच जणांनी अल्बम विकत घेतला तर हलेल.

प्रश्न : परीक्षण छापून तीन महिने झाले, मानधन नाही. किती वेळा आठवण करावी? संबंध बिघडतील अशी भीती वाटते.

आधी पहिला मेल उघडून बघा : मानधन ‘स्वीकृतीनंतर’ ठरलं होतं की ‘प्रकाशनानंतर’? प्रकाशनानंतर ठरलं असेल आणि अंक पुढे ढकलला गेला तर तुमचे पैसेही ढकलले जातात. लेख रद्दच झाला तर ‘किल फी’, म्हणजे काम करून घेऊन न छापल्यास द्यायची ठरावीक रक्कम, आधी ठरलेली नसेल तर हाती काहीच येत नाही. म्हणून काम घेतानाच एका मेलमध्ये इतकं तरी लिहून घ्या : शब्दसंख्या, देण्याची तारीख, रक्कम आणि चलन, कधी देणार (किती दिवसांत), किल फी किती, किती वेळा दुरुस्त्या करून द्यायच्या आणि कोणते हक्क देताय. फोनवर ठरलं असेल तर फोन ठेवल्या ठेवल्या ‘आपलं असं बोलणं झालं’ म्हणून तोच मजकूर पाठवा. समोरून नुसतं ‘हो’ आलं तरी कागद तयार झाला.

थकण्याची कारणं बहुतेक वेळा निरस असतात. बिल संपादकाकडे गेलेलं असतं, हिशेब विभागाकडे गेलेलंच नसतं. बिलावर क्रमांक नसतो. खरेदी आदेशाचा पी.ओ. नंबर टाकायचा राहतो. बँक तपशिलात एक अक्षर चुकलेलं असतं. म्हणून पहिली आठवण मुदत संपल्यावर सातव्या दिवशी करा, आणि ती तक्रारीच्या सुरात नको : बिल क्रमांक, तारीख, रक्कम, लेखाचं शीर्षक, आणि ‘काही कागद कमी असल्यास कळवा’. दुसरी त्यानंतर दोन आठवड्यांनी, हिशेब विभागाला, संपादकाला प्रत देऊन. तिसऱ्या मेलमध्ये तारीख द्या आणि सांगा की ही रक्कम मिळेपर्यंत नवं काम घेता येणार नाही. मग खरोखरच घेऊ नका. संबंध बिघडायचे तर ते पैसे न देणाऱ्यामुळे बिघडतील.

प्रश्न : माझी कथा दोन वर्षांपूर्वी माझ्या ब्लॉगवर टाकली होती, आता काढून टाकली. मासिकाकडे पाठवू का?

सांगून पाठवा. बहुतेक मासिकं प्रथम प्रकाशनाचा हक्क घेतात, आणि सगळ्यांना उघडपणे वाचता आलेली कथा त्यांच्या लेखी ‘प्रकाशित’ असते. नंतर ती काढून टाकल्यानं फरक पडत नाही, जुनी पानं इंटरनेट आर्काइव्हसारख्या ठिकाणी जपलेली असतात आणि संपादक शोधतात. परवलीच्या शब्दाआडच्या लेखन-गटात चार जणांनी वाचलेली कथा मात्र सहसा प्रकाशित मानत नाहीत.

पुनर्मुद्रण घेणारी मासिकं आहेत. ती कमी पैसे देतात, पण देतात. तिथे पाठवताना कथा पहिल्यांदा कुठे आणि कधी आली ते पत्राच्या पहिल्या दोन ओळींत लिहा.

प्रश्न : एकच कथा एकाच वेळी अनेकांना पाठवलेली चालते का?

मासिकाच्या नियमावलीत लिहिलेलं असतं आणि मासिकागणिक ते वेगळं असतं. दोन गोष्टींत गल्लत होते : एकच कथा अनेक मासिकांना एकदम पाठवणं आणि एकाच मासिकाला अनेक कथा एकदम पाठवणं. एकाला परवानगी असते तिथे दुसऱ्याला नसेलही.

परवानगी असली की एक तक्ता ठेवा. रकाने सहा : कथा, मासिक, पाठवल्याची तारीख, त्यांनी सांगितलेला उत्तराचा अवधी, एकदम पाठवायला परवानगी आहे का, निकाल. कथा कुठेही स्वीकारली गेली की त्याच दिवशी बाकी सगळ्यांना दोन ओळींचा मेल : ‘अमुक तारखेला पाठवलेली अमुक कथा मी मागे घेत आहे, ती अन्यत्र स्वीकारली गेली आहे.’ हे न करणाऱ्याचं नाव संपादकांच्या लक्षात राहतं, आणि संपादक एकमेकांशी बोलतात.

सांगितलेला अवधी उलटल्यावर चौकशी करा, त्याआधी नको. इंग्रजीत कथा पाठवणाऱ्यांसाठी सबमिशन ग्राइंडर ही विनामूल्य आणि ड्युओट्रोप ही वर्गणीची सेवा आहे. कोणतं मासिक प्रत्यक्षात किती दिवसांत उत्तर देतं हे तिथे लेखकांनीच नोंदवलेलं सापडतं.

सोबतचं पत्र पाच ओळींच्या वर नको : कथेचं नाव, शब्दसंख्या, आधी कुठे छापून आलं असेल तर दोन-तीन नावं, आभार. कथानक सांगू नका. कथा यंत्राच्या, म्हणजे एआयच्या, मदतीनं लिहिली नसल्याचं विधान आता पुष्कळ ठिकाणी मागतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्लार्क्सवर्ल्ड या विज्ञानकथांच्या मासिकाला यंत्रानं लिहिलेल्या कथांच्या लोंढ्यामुळे नव्या कथा घेणं काही काळ बंद ठेवावं लागलं होतं. तेव्हापासून संपादक या बाबतीत हळवे आहेत. ‘फक्त शुद्धलेखन तपासलं’ असं असेल तर तेवढंच लिहा.

साभार परत आलेल्या कथेत दर वेळी फेरफार करत बसू नका. एकाच जागेबद्दल दोन वेगवेगळ्या संपादकांनी सांगितलं तर जरूर हात घाला. नुसता छापील नकार आला असेल तर त्याच संध्याकाळी यादीतल्या पुढच्या मासिकाकडे पाठवा.

प्रश्न : माझ्या कथेतलं पात्र एक गाणं गुणगुणतं. दोन ओळी दिल्या तर चालतील? परीक्षणात तर मी नेहमी देते.

परीक्षणातलं उद्धरण आणि कथेतलं उद्धरण या कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेखनहक्कांबाबतच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या १०व्या कलमानुसार, आधीच प्रसिद्ध झालेल्या कृतीतून हेतूला लागेल तेवढं उद्धरण, रास्त वापर असेल तर, मूळ आणि कर्त्याचं नाव देऊन घेता येतं. परीक्षणात तुम्ही त्या ओळीबद्दलच बोलत असता, म्हणून ते बसतं. कथेत ती ओळ वातावरणासाठी येते. गाणं मुळात काही ओळींचं, त्यामुळे दोन ओळी म्हणजे त्याचा बराच भाग. ‘चार ओळींपर्यंत चालतं’ असा नियम लोक सांगतात, पण तसा कुठलाही नियम नाही.

परवानगी गायकाकडून घेऊन भागत नाही, शब्दांचे हक्क गीतकाराकडे किंवा त्याच्या संगीत-प्रकाशकाकडे असतात. स्वतंत्र कलाकारांच्या बाबतीत इथे तुमचा फायदा आहे : लिहिणारा, गाणारा आणि हक्क सांभाळणारा अनेकदा एकच असतो, एका मेलवर काम होतं. मात्र सहलेखक आहे का ते विचारा, त्याचाही होकार लागतो. मेलमध्ये नेमक्या ओळी, कथेचं नाव, मासिक, छापील की ऑनलाइन, आणि पुढे संग्रहात कथा आली तर तीच परवानगी चालेल का, हे सगळं लिहा. संग्रहाचं विसरलात तर पुन्हा दार ठोठवावं लागेल.

गाण्याचं नुसतं नाव घ्यायला परवानगी लागत नाही. आणि खरं सांगायचं तर पात्राच्या तोंडी गाण्याच्या ओळी घालून कथेला फारसं काही मिळत नाही, वाचकाला चाल ऐकू येतच नाही. पात्र कुठल्या शब्दाला अडखळतं, कोणतं कडवं गाळतं, एवढंच लिहिलंत तर परवानगीचा प्रश्नही मिटतो आणि पात्रही कळतं.

प्रश्न : दिवसभर हेडफोन. संध्याकाळी कानात बारीक शिट्टी वाजते. कामाचा भाग म्हणून सोडून द्यावं का?

नाही. कानाच्या डॉक्टरांना दाखवा आणि तोवर आवाज कमी करा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या निकषानुसार मोठ्या माणसाला ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे. प्रत्येक ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो : ८३ ला २० तास, ८६ ला १०. बऱ्याच फोनमध्ये हेडफोनच्या आवाजाची नोंद ठेवणारी सोय असते, ती चालू करा. गजबजलेल्या जागी परीक्षणाचं ऐकणं टाळा, बाहेरच्या गोंगाटावर मात करायला नकळत आवाज वाढवला जातो. पूर्ण फेरी झाली की कानांना १५ मिनिटं शांतता.

कथालेखन ऐकण्याच्या आधी ठेवलंत तर एक फायदा आहे : परीक्षणाची निवाडा देणारी भाषा कथेत उतरत नाही. ‘त्याचं बोलणं अखेरीस विसविशीत ठरलं’ असं वाक्य कथेत सापडलं तर ते परीक्षणातून गळून आलंय असं समजा.

प्रश्न : ज्या संकेतस्थळावर माझी परीक्षणं होती ते बंद पडलं. ती पुस्तकात घेता येतील का?

कोणते हक्क दिले होते त्यावर अवलंबून आहे. ‘प्रथम प्रकाशन आणि ठरावीक काळ अनन्य (फक्त त्यांचाच) हक्क’ असेल तर तो काळ संपल्यावर लेख तुमचा. ‘सर्व हक्क’ दिले असतील तर संकेतस्थळ बंद पडलं तरी हक्क मालकाकडेच राहतात, किंवा ज्यानं ती कंपनी विकत घेतली त्याच्याकडे जातात. अशा वेळी लेखी परवानगी मागा. पुनर्प्रकाशनाला सहसा कोणी आडकाठी करत नाही, पण उत्तर मेलवर हवं.

पुढच्यासाठी : लेख प्रसिद्ध झाला त्याच दिवशी पानाची पीडीएफ, तुमचा शेवटचा मसुदा आणि कराराचा मेल एका फोल्डरमध्ये ठेवा आणि पानाचा पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनला जपायला द्या. पीडीएफमध्ये संपादकानं केलेले बदल असतात, तेव्हा पुस्तकासाठी तुमचा मसुदा आणि ती पीडीएफ शेजारी ठेवून ताळा करावा लागेल.